खेळातून शेतीचे शहाणपण : सदृशीकरण आणि भूमिका-खेळ यांचा शिक्षण व संशोधनातील उपयोग

शेतीविषयक शिक्षणात प्रयोगशेताचे स्थान अढळ आहे. वाण, खत, अंतर, पेरणीची तारीख यांपैकी एक घटक बदलायचा, बाकीचे स्थिर ठेवायचे आणि हंगामाअखेर उत्पादन मोजायचे, ही पद्धत गेल्या शतकभरात कसाला उतरली आहे. परंतु शेतीतील काही प्रश्न प्रयोगशेताच्या चौकटीत बसत नाहीत. एका गावातील शंभर विंधनविहिरी एकाच भूजलसाठ्यावर अवलंबून असतील, तर कोणी किती उपसा करावा? कालव्याच्या शेवटच्या टोकावरील शेतकऱ्याला पाणी केव्हा व किती मिळावे? सलग तीन वर्षे अवर्षण पडले तर गावातील कोणती कुटुंबे तग धरतील आणि कोणती कर्जात बुडतील? या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी गावावर प्रयोग करता येत नाही. तो करणे शक्य नसते आणि योग्यही नसते. शिवाय पाच-दहा वर्षांनी दिसणाऱ्या परिणामांची वाट पाहण्याइतका वेळ शेतकऱ्याकडे नसतो, आणि धोरण आखणाऱ्यांकडेही नसतो.

अशा ठिकाणी सदृशीकरण, म्हणजे ज्याला आपण सिम्युलेशन म्हणतो ते, आणि भूमिका-खेळ ही दोन साधने उपयोगी पडतात. सदृशीकरणात वास्तवाची एक लहान, नियमबद्ध प्रतिकृती तयार केली जाते. ती संगणकात असू शकते, पटावर असू शकते किंवा अंगणात आखलेल्या चौकोनांतही असू शकते. भूमिका-खेळात माणसे त्या प्रतिकृतीच्या आत शिरतात, कोणाची तरी भूमिका घेतात, निर्णय करतात आणि त्यांचे परिणाम तासा-दोन तासांत अनुभवतात. मराठी मनाला ही कल्पना परकी नाही. सोंगट्यांच्या पटावर पाप-पुण्याच्या पायऱ्या दाखवणारा मोक्षपट, किंवा भारुडातील सोंगाच्या मुखातून सांगितलेले व्यवहारज्ञान, यांमागील सूत्र हेच आहे : ऐकलेले विसरले जाते, पण खेळलेले लक्षात राहते.

पिकांची संगणकीय प्रतिकृती

कृषिसंशोधनात सदृशीकरणाचे सर्वांत प्रस्थापित रूप म्हणजे पीकवाढ प्रारूपे. दररोजचे कमाल व किमान तापमान, सूर्यप्रकाश, पाऊस, जमिनीच्या थरांची जलधारणक्षमता, वाणाचे गुणधर्म, पेरणीची तारीख, पाणी व नत्र यांची माहिती दिली की प्रारूप एकेका दिवसाच्या टप्प्याने पीक ‘वाढवते’. पाने किती फुटली, मुळे किती खोल गेली, पाण्याचा ताण कोणत्या अवस्थेत पडला आणि दाणे किती भरले याचा हिशेब ते ठेवते. ‘डीएसएसएटी’ या प्रारूपसंचाची पायाभरणी १९८० च्या दशकातील एका आंतरराष्ट्रीय प्रकल्पातून झाली. ऑस्ट्रेलियात ‘अ‍ॅप्सिम’ आकारास आले, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने ‘अ‍ॅक्वाक्रॉप’ उपलब्ध करून दिले, आणि नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत भारतीय परिस्थितीसाठी ‘इन्फोक्रॉप’ विकसित झाले.

या प्रारूपांचे सामर्थ्य त्यांच्या वेगात आहे. एखाद्या जिल्ह्यात हरभऱ्याची पेरणी पंधरा दिवस पुढे ढकलली तर काय होईल, हे शेतावर तपासण्यास किमान तीन-चार हंगाम लागतात आणि त्या हंगामांतील हवामान प्रातिनिधिक असेलच असे नाही. प्रारूपास गेल्या तीस वर्षांच्या हवामानाच्या नोंदी दिल्या, तर तीसही हंगामांतील परिणाम काही मिनिटांत समोर येतात. मग सरासरी उत्पादनाबरोबरच ‘दहापैकी किती वर्षे नुकसान होईल’ हेही सांगता येते. शेतकऱ्याच्या दृष्टीने अनेकदा हा दुसरा आकडाच महत्त्वाचा असतो.

तथापि, केवळ संगणकातून निघालेला सल्ला शेतकऱ्यापर्यंत पोहोचतोच असे नाही. ऑस्ट्रेलियातील ‘फार्मस्केप’ या उपक्रमाने ही गोष्ट स्पष्ट केली. तेथील संशोधकांनी प्रारूप घेऊन थेट शेतकऱ्यांच्या गटांसमोर बसण्याचे ठरवले. आधी शेतकऱ्यांच्याच जमिनीतील ओल व नत्र मोजले, ती माहिती प्रारूपास दिली, आणि मग ‘असे केले तर काय?’ या शेतकऱ्यांच्या प्रश्नांची उत्तरे तिथल्या तिथे काढली. आपल्याच शेताचे मागील हंगाम प्रारूप बरोबर दाखवते हे पाहिल्यावर शेतकऱ्यांचा विश्वास बसला. प्रारूपाचे खरे मोल तयार उत्तर देण्यात नाही. ते चर्चेला अचूक माहितीचा आधार देण्यात आहे, हा या अनुभवाचा निष्कर्ष होता. याचा अर्थ असा की, संगणकीय सदृशीकरण जेव्हा माणसांमधील संवादाचा भाग बनते तेव्हाच ते निर्णयात उतरते. भूमिका-खेळाची वाट येथूनच सुरू होते.

बिहारच्या गावाचा खेळ

भारतीय शेतीवर आधारलेला एक गाजलेला खेळ १९७० च्या दशकात केंब्रिजचे भूगोलतज्ज्ञ ग्रॅहम चॅपमन यांनी तयार केला. त्याचे नाव ‘हरितक्रांतीचा खेळ’ आणि पार्श्वभूमी बिहारमधील भातशेती करणाऱ्या गावाची. खेळाडूंना कुटुंबे मिळतात. कोणाकडे जमीन जास्त तर कोणाकडे अगदी थोडी, कोणाकडे खाणारी तोंडे अधिक तर कोणाकडे राबणारे हात अधिक. प्रत्येक हंगामात ठरवायचे असते की पारंपरिक वाण लावायचा की अधिक उत्पादन देणारा नवा, खते व कीडनाशके घ्यायची का, त्यासाठी पैसा कोठून आणायचा, मजुरी द्यायची की मजुरीस जायचे. पाऊस व कीड नशिबावर सोडलेली असतात, आणि कुटुंबास पुरेसे अन्न मिळाले नाही तर त्याची किंमत खेळातील माणसांना मोजावी लागते.

नव्या वाणाचे उत्पादन अधिक आहे हे ज्ञात असूनही अल्पभूधारक तो का स्वीकारत नाही, असा प्रश्न त्या काळी पुष्कळ विचारला जाई. त्याचे उत्तर ‘अज्ञान’ किंवा ‘परंपरानिष्ठा’ असे देणारी व्यक्ती या खेळात अल्पभूधारकाच्या जागी बसली की तिचा दृष्टिकोन बदलण्याची संधी निर्माण होते. बियाणे व खतासाठी उधारी, पाऊस हुकला, धान्य घरापुरतेही नाही, आणि सावकार दाराशी, अशी अवस्था पटावर का होईना अनुभवली, की ‘जोखीम टाळणे’ हा हट्ट नसून हिशेब आहे हे उमगते. कृषी पदवीच्या विद्यार्थ्याला हे व्याख्यानातून सांगता येते, परंतु व्याख्यानात तो प्रेक्षक असतो. खेळात पेरणीचा निर्णय त्याचा असतो आणि रिकाम्या कणगीची जबाबदारीही त्याचीच असते.

भूजल : सर्वांचे आणि म्हणून कोणाचेच नाही?

भूमिका-खेळांचा सर्वांत विचारप्रवर्तक उपयोग सामायिक संसाधनांच्या अभ्यासात झाला आहे, आणि भारतापुरते बोलायचे तर भूजलाइतके तातडीचे दुसरे सामायिक संसाधन नाही. जगात सर्वाधिक भूजल उपसणारा देश भारत आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२३ च्या मूल्यांकनानुसार वार्षिक उपसा सुमारे २४० अब्ज घनमीटर आहे आणि त्याचा फार मोठा भाग सिंचनासाठी जातो. देशाची सरासरी पाहिली तर उपसा उपलब्धतेच्या साठ टक्क्यांच्या आसपास दिसतो. पण सरासरी फसवी असते. पंजाबात हे प्रमाण दीडशे टक्क्यांहून अधिक आहे, आणि कठीण खडकाच्या प्रदेशात, म्हणजे रायलसीमेच्या ग्रॅनाइटमध्ये किंवा दख्खनच्या काळ्या पाषाणात, साठा मुळातच उथळ व तुटक असल्याने एखाद्या कोरड्या वर्षातच विहिरी तळ गाठतात.

सामायिक संसाधनाचा नाश अटळ आहे, असा विचार गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडला. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी त्यास उत्तर दिले. जगभरातील कुरणे, सिंचनव्यवस्था व मत्स्यक्षेत्रे यांचा अभ्यास करून लोक स्वतः नियम बनवतात व पाळतात असे त्यांनी दाखवले. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या संशोधनाचा एक पाया प्रयोगशाळेतील खेळ हाच होता. सामायिक साठ्यातून किती घ्यायचे हे खेळाडूंना एकमेकांशी न बोलता ठरवावे लागे, तेव्हा साठा लवकर संपे. केवळ बोलण्याची मुभा दिली, दंड वा शिक्षेची तरतूद नसली, तरी सहकार्य लक्षणीय वाढे. पुढे कोलंबियातील ग्रामस्थांबरोबर हुआन-कामिलो कार्देनास व सहकाऱ्यांनी असेच खेळ घेतले. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासातील एक निष्कर्ष प्रशासनाने विशेष लक्षात घ्यावा असा आहे : बाहेरून लादलेल्या आणि ढिलाईने राबवलेल्या नियमापेक्षा आपापसातील संवाद अधिक परिणामकारक ठरला. उलट अशा नियमामुळे लोकांमधील सामुदायिक भावना कमी होऊन ‘आपले आपण पाहावे’ ही वृत्ती बळावली.

आंध्रातील अनुभव

भारतात या विचाराची कसोटी आंध्र प्रदेशात लागली. तेथील सात अवर्षणप्रवण जिल्ह्यांत याआधीच शेतकरी-व्यवस्थापित भूजल प्रकल्प राबवला गेला होता. त्यात शेतकरी स्वतः विहिरींची पातळी व पाऊस मोजत, आणि रब्बीपूर्वी गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवत. ‘तुम्ही हेच पीक घ्या’ असे कोणी सांगत नसे. माहिती समोर ठेवली जाई आणि निर्णय ज्याचा त्याने करायचा असे.

या पार्श्वभूमीवर २०१३ पासून आंतरराष्ट्रीय अन्न धोरण संशोधन संस्था, फाउंडेशन फॉर इकॉलॉजिकल सिक्युरिटी ही स्वयंसेवी संस्था आणि त्यांचे सहयोगी संशोधक यांनी गावांमध्ये भूजल-खेळ घेतले. खेळाडू गावातील शेतकरी स्त्री-पुरुष होते. प्रत्येक फेरीत त्यांनी दोन पिकांपैकी एक निवडायचे. एकास पाणी कमी व उत्पन्न कमी, दुसऱ्यास दोन्ही जास्त. पाणी मात्र सर्वांचे एकच. काही फेऱ्या न बोलता आणि काही फेऱ्या आपापसात बोलून खेळल्या गेल्या. खेळ संपल्यावर संपूर्ण गावाची बैठक घेऊन काय घडले यावर चर्चा झाली.

संशोधनाचा महत्त्वाचा भाग यापुढचा होता. खेळ झालेली गावे आणि त्याच स्वयंसेवी संस्थेच्या पाणी कार्यक्रमातील, पण खेळ न झालेली गावे यांची वर्षभरानंतर तुलना करण्यात आली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, खेळ झालेल्या गावांनी पाण्याची नोंदवही ठेवण्याचे व उपशाबाबत नियम करण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या अधिक होते. हा निष्कर्ष तारतम्याने घ्यायला हवा, कारण नियम केला म्हणजे पाणी वाचलेच असे होत नाही. परंतु जे पाणी डोळ्यांना दिसत नाही त्याविषयी गावाने एकत्र बसून नियम करणे ही पहिली आणि सर्वांत अवघड पायरी असते, हेही तितकेच खरे आहे.

खेळाची रचना : एक नमुना

असा खेळ नेमका कसा चालतो हे समजण्यासाठी प्रशिक्षणवर्गात सहज घेता येईल असा एक नमुना पाहू. त्यातील आकडे केवळ उदाहरणादाखल ठरवले आहेत. स्थानिक परिस्थितीप्रमाणे ते बदलता येतील.

पाच शेतकरी, पाण्याचा एक सामायिक साठा. साठ्यात आरंभी ५० एकक पाणी. एकक दाखवण्यासाठी बादलीतील पेले, चिंचोके किंवा खडे चालतील. प्रत्येक फेरी म्हणजे एक वर्ष. कमी पाण्याचे पीक १ एकक पाणी घेते व ३ रुपये देते. जास्त पाण्याचे पीक ३ एकक पाणी घेते व ५ रुपये देते. प्रत्येक वर्षाअखेर पावसाने ५ एकक पुनर्भरण होते. पुनर्भरणानंतरही साठा २० एककांच्या खाली राहिला, तर विहिरी आटल्या असे समजून खेळ थांबतो. प्रत्येकाने आपली निवड चिठ्ठीवर गुप्तपणे लिहायची आणि संचालकाने फक्त साठ्याची नवी पातळी जाहीर करायची. फेऱ्या एकूण दहा, पण हे खेळाडूंना सांगायचे नाही.

आता हिशेब पाहा. पाचही जणांनी कमी पाण्याचे पीक घेतले तर उपसा ५, पुनर्भरण ५. साठा ५० वर स्थिर राहतो आणि दहा वर्षांत प्रत्येकास ३० रुपये मिळतात. पाचही जणांनी जास्त पाण्याचे पीक घेतले तर दरवर्षी साठा १० एककांनी घटतो. पातळी ४०, ३०, २० अशी उतरते आणि चौथ्या वर्षी १० वर येऊन खेळ संपतो. प्रत्येकाच्या हाती फक्त २० रुपये.

खरी गंमत या दोन टोकांच्या मध्ये आहे. चौघे काटकसर करतात आणि एकच जण जास्त पाण्याचे पीक घेतो तेव्हा साठा वर्षाला केवळ २ एककांनी घटतो. दहा वर्षांनी तो ३० असतो. कोणालाच काही जाणवत नाही आणि त्या एकाची कमाई ५० रुपये होते. त्याचे पाहून दुसऱ्याने तसे केले की घट वर्षाला ४ एककांची होते आणि आठव्या वर्षी साठा १८ वर येऊन सर्वांचाच खेळ थांबतो. त्या दोघांना प्रत्येकी ४० रुपये मिळतात, बाकी तिघांना २४. म्हणजे काटकसर करणाऱ्यांनाही दुसऱ्यांच्या उपशाची किंमत मोजावी लागते. ‘मी एकट्याने पाणी वाचवून काय होणार?’ हा गावोगावी ऐकू येणारा प्रश्न येथे आकड्यांत उतरतो.

बोलण्याची मुभा दिली की काही गट एक वेगळी युक्ती शोधू शकतात. प्रत्येकाने पाळीपाळीने दहा वर्षांत तीन वेळा जास्त पाण्याचे पीक घ्यायचे. असे केल्यास साठा दहाव्या वर्षाअखेर नेमका २० वर येतो, खेळ थांबत नाही आणि प्रत्येकास ३६ रुपये मिळतात. हिशेबाने हा उत्तम करार वाटतो. पण संचालकाने आता अकरावे वर्ष अवर्षणाचे आहे, पुनर्भरण शून्य, असे जाहीर करावे. सर्वांनी कमी पाण्याचे पीक घेतले तरी साठा १५ वर येतो आणि विहिरी आटतात. ज्या गटाने साठा ५० वर राखला त्याची पातळी मात्र त्याच अवर्षणात ४५ वर असते. राखलेले पाणी हे न वापरलेले उत्पन्न नसते, ते वाईट वर्षाचा विमा असते. हे तत्त्व फलकावर लिहून शिकवता येते, पण हातातील खडे संपताना जे समजते ते अधिक खोल रुजते.

नियम बदलून अनेक प्रश्न तपासता येतात. सर्वांच्या निवडी उघड केल्या तर वर्तन बदलते का? शेतकऱ्यांनी स्वतः दंड ठरवला तर तो बाहेरून लादलेल्या दंडापेक्षा अधिक पाळला जातो का? ठिबक संचास अनुदान मिळाले आणि दर एकरी पाणी कमी लागू लागले, तर गट वाचलेले पाणी साठ्यात ठेवतो की त्यावर अधिक क्षेत्र भिजवतो? हा शेवटचा प्रश्न कोणत्याही सूक्ष्मसिंचन प्रशिक्षणात अवश्य खेळून पाहावा असा आहे.

भूमिकांची अदलाबदल

पाणीवाटपाच्या जुन्या तंट्यांतही भूमिका-खेळ उपयोगी पडल्याचे एक उदाहरण आपल्या शेजारच्या भूतानमध्ये आहे. लिंगमुतेचू पाणलोटातील लिम्बुखा हे वरच्या अंगाचे गाव आणि डोम्पोला हे खालच्या अंगाचे. परंपरेने पहिला हक्क वरच्या गावाचा. ठराविक तिथीनंतरच खाली पाणी सुटे, आणि भातलावणीच्या ऐन वेळी तंटे होत. तेथे संशोधकांनी ‘सहचर प्रारूपण’ नावाच्या पद्धतीने भूमिका-खेळ घेतला. दोन्ही गावांचे शेतकरी आधी आपापल्या भूमिकेत खेळले, मग एकत्र विचाराने खेळले आणि भूमिकांची अदलाबदल करूनही खेळले. वरच्या गावाचा माणूस खालच्या गावाच्या खेळपटावर बसला की पाण्याची वाट पाहणे म्हणजे काय ते त्याला कळते. या प्रक्रियेतून पाणलोटाच्या व्यवस्थापनासाठी सामूहिक समिती उभी राहण्यास चालना मिळाली.

सहचर प्रारूपणाची ही पद्धत फ्रेंच संशोधकांनी १९९० च्या दशकात विकसित केली. सेनेगल नदीच्या खोऱ्यातील सिंचन योजना का कोलमडतात याचा अभ्यास करताना त्यांनी संगणकीय प्रारूप बनवले होते. परंतु त्यात दडलेली गृहीतके शेतकऱ्यांना कशी दाखवायची? त्यांनी प्रारूपाचे रूपांतर भूमिका-खेळात केले. प्रारूपातील नियमच पत्त्यांवर व पटावर आले. शेतकरी खेळले, ‘हा नियम आमच्याकडे असा नाही’ असे सांगू शकले, आणि प्रारूप दुरुस्त करता आले. संशोधकाची बंद पेटी लोकांसमोर उघडण्याची ही रीत आहे. तज्ज्ञ व शेतकरी हे दोघेही तिच्यात एकाच वेळी शिक्षक आणि विद्यार्थी असतात.

वर्गात आणि प्रशिक्षणात

कृषी महाविद्यालये व कृषी विज्ञान केंद्रे यांना या साधनांसाठी मोठा खर्च करण्याची गरज नाही. पदवीच्या अंतिम वर्षातील विद्यार्थी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावात जातात. जाण्यापूर्वी वर्गात एक दिवस भूमिका-खेळ घेतला तर गावातील पहिल्याच संभाषणात फरक पडू शकतो. एका विद्यार्थ्याने उधारीवर निविष्ठा घेणारा शेतकरी व्हावे, दुसऱ्याने कृषी सेवा केंद्राचा चालक, तिसऱ्याने विस्तार अधिकारी आणि चौथ्याने घरखर्च सांभाळणारी गृहिणी. प्रत्येकास आपल्या भूमिकेची माहिती देणारे एकच कार्ड मिळावे, इतरांचे मिळू नये. शिफारशीप्रमाणे फवारणी करण्यास शेतकरी का कचरतो आणि दुकानदार सांगेल ती बाटली का घेतो, हे अर्ध्या तासात स्पष्ट होऊ लागते.

कृषी अर्थशास्त्राच्या वर्गासाठी बाजारभावाचा खेळ विशेष उपयुक्त आहे. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत १९६० च्या सुमारास विकसित झालेला पुरवठासाखळीचा खेळ आजही जगभरातील व्यवस्थापनवर्गांत खेळला जातो. त्याचा धडा असा की, मागणी व पुरवठा यांच्यामध्ये विलंब असला की प्रत्येक जण शहाणपणाने वागत असूनही साखळीत साठ्याचे प्रचंड चढउतार होतात. आपल्याकडील कांद्याचे उदाहरण घ्या. गेल्या हंगामातील भाव पाहून लागवड करायची, माल येईपर्यंत सर्वांनी तेच केलेले असायचे. विद्यार्थ्यांनी दहा फेऱ्या लागवडीचे निर्णय घेतले आणि एकूण मालावर भाव ठरवला, तर तेजी-मंदीचे चक्र त्यांच्या डोळ्यांसमोर तयार होते. मग साठवण, आगाऊ लागवड-अंदाज किंवा गटशेती यांपैकी कशाने ते शमते, हे त्यांनीच शोधावे.

जलव्यवस्थापनाच्या कार्यक्रमांतही जागा आहे. महाराष्ट्रासह सात राज्यांत राबवल्या गेलेल्या अटल भूजल योजनेत ग्रामपंचायतीने पाण्याचे अंदाजपत्रक मांडणे अपेक्षित होते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पावसाच्या प्रमाणात पीकपद्धती ठरवण्याची शिस्त अनेक वर्षे पाळून दाखवली आहे. परंतु दुसऱ्या गावात तेच अंदाजपत्रक कागदावर राहते, कारण आकडे सभेत वाचले जातात, जगले जात नाहीत. ताळेबंदाच्या सभेपूर्वी पाणी-खेळ घेतला, तर त्या आकड्यांमागील ताण लोकांना आधीच ओळखीचा झालेला असतो.

खेळ घेताना घ्यावयाची काळजी

पहिली गोष्ट म्हणजे खेळानंतरची चर्चा. खेळ हा केवळ निमित्त असतो, शिकणे चर्चेत घडते. खेळास एक तास दिला तर चर्चेस निदान तेवढाच वेळ राखावा. ‘काय घडले? का घडले? आपल्या गावात असे कोठे घडते? आणि कोठे घडत नाही?’ या चार प्रश्नांचा क्रम उपयोगी पडतो. शेवटचा प्रश्न विसरू नये. खेळ व वास्तव यांतील फरक लोकांनी सांगितला की नव्या संशोधनाचे धागेदोरे हाती येतात.

दुसरी गोष्ट संचालकाची. ‘पाणी वाचवणारा चांगला आणि उपसणारा वाईट’ असा सूर त्याच्या बोलण्यात आला की खेळाडू त्याला आवडेल तसे खेळू लागतात आणि नोंदी निरुपयोगी होतात. त्याने नियम सांगावेत, शंका दूर कराव्यात आणि गप्प राहावे.

तिसरी गोष्ट गावातील सत्तासंबंधांची. मोठा बागायतदार आणि त्याच्याच शेतावर राबणारा मजूर एका गटात बसले तर मजूर मोकळेपणाने खेळणार नाही. स्त्रियांचे वेगळे गट केल्यास घरातील पाणी, जनावरांचे पाणी यांसारखे मुद्दे पुढे येण्याची शक्यता वाढते. कोणत्या व्यक्तीने कोणता निर्णय केला हे बाहेर जाऊ नये. संशोधनासाठी नोंदी घ्यायच्या असतील तर त्याची पूर्वकल्पना देऊन संमती घ्यावी, आणि खेळातील पैशांचे खरे मानधन देणार असल्यास तेही आधी सांगावे.

चौथी गोष्ट मर्यादांची. खेळात अर्धा तास काटकसर करणारा शेतकरी घरी मुलीच्या शिक्षणाचा हप्ता समोर असताना तशीच काटकसर करेल असे गृहीत धरता येत नाही. म्हणून खेळातील निष्कर्षांची तुलना विहिरीच्या पातळीशी, पीकपाहणीच्या नोंदींशी आणि मुलाखतींशी करावी लागते. संगणकीय प्रारूपाचेही तसेच. स्थानिक जमीन व वाण यांच्या आकड्यांवर पारखलेले नसेल तर ते आत्मविश्वासाने चुकीचे उत्तर देते. आणि शेवटी, ज्या गावात वीजपुरवठा, हमीभाव वा बाजार यांची रचनाच पाणीखाऊ पिकास अनुकूल आहे, तेथे खेळ लोकांना शहाणे करील, पण शहाणपणाने वागणे परवडणारे करू शकणार नाही. ते काम धोरणाचे आहे.

समारोप

पेरणीचा निर्णय वर्षातून एकदाच येतो आणि चुकला तर पुढच्या वर्षापर्यंत परत घेता येत नाही. शेतकऱ्याच्या आयुष्यात असे निर्णय फार तर चाळीस-पन्नास. चुकण्याची मुभा नसलेल्या व्यवसायात चुकून पाहण्याची सुरक्षित जागा मिळणे ही लहान गोष्ट नाही. सदृशीकरण व भूमिका-खेळ ती जागा देतात. शेतकऱ्याला आणि विद्यार्थ्याला ती हवी असते, तशी दूरवरून शिफारशी करणाऱ्या आपल्यासारख्या संशोधकांनाही. येत्या रब्बीपूर्वी आपल्या केंद्रात एक दुपार यासाठी राखून ठेवावी. लागेल ते एवढेच : पन्नास खडे, पाच माणसे आणि नंतर मनमोकळे बोलण्यास पुरेसा वेळ.